साहेब, झोपेचा नियम आता पुढे ढकलू नका

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
आणि सर्व विमान कंपन्यांमध्ये वैमानिकांचे रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचे वेळापत्रक, लावणारे अधिकारी

साहेब, नमस्कार.

मी पुण्यात धानोरीला राहतो. लोहगावहून सुखोई उठले की आमच्या मांडणीवरची ताटे थरथरतात, इतके घर विमानतळाला जवळ. २६ वर्षे मी रात्रीच्या लक्झरी गाड्या चालवल्या, त्यातली बहुतेक पुणे–नागपूर. आता गाडी सोडली आहे. मुलगी प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. तिच्या कंपनीचे नाव लिहीत नाही, तिला तिथे नोकरी करायची आहे. हे पत्र तिला वाचून दाखवले आहे, आणि दोन ठिकाणच्या चुका तिने दुरुस्तही करून दिल्या आहेत.

लिहायला बसलो ते एका कागदामुळे. तिच्या टेबलावर नियमांची झेरॉक्स पडली होती. विमान नियम, १९३७, त्यातला नियम १४१. तो सांगतो की प्रत्येक उड्डाणासाठी कंपनीने एक प्रमुख वैमानिक नेमायचा. विमान चालवणे आणि विमानाची सुरक्षितता ही त्याची जबाबदारी तर आहेच, शिवाय आतले प्रवासी, माल, शिस्त, बाकीचा क्रू, सगळ्यांची सुरक्षितता त्याच्यावर. मी तो तीनदा वाचला. सातबाऱ्यावर नाव चढावे तशी १८० माणसे एका माणसाच्या नावावर चढवली आहेत. उड्डाण संपेपर्यंत ती त्याचीच.

नियम बरोबर आहे. गाडीत बसलेली माणसे चालकाचीच असतात, हे मला कोणी शिकवायला नको. पण ज्याच्या नावावर एवढे जीव चढवता, त्याला "आज मी चालवण्याच्या अवस्थेत नाही" असे म्हणता आले पाहिजे. आणि त्याच्या झोपेचे तास आधी धरून मग वेळापत्रक लावले पाहिजे. आज नेमके उलटे चालले आहे. माझी सगळी तक्रार एवढ्यात आहे, बाकीचे तिचा खुलासा म्हणून वाचा.

आधी माझे सांगतो. १९९८ चा पावसाळा. जोडीचा चालक आला नव्हता, म्हणून पुण्याहून नागपूरला गाडी मी एकट्यानेच नेली होती, आणि त्याच संध्याकाळी परतीची फेरी पुन्हा माझ्याच गळ्यात आली. नागपूरच्या बुकिंग ऑफिसात मालकांचा फोन आला, "एवढी फेरी मारून घे, उद्या सुट्टी देतो." मी हो म्हणालो. नाही म्हणता आले असते, पण माझ्या जागेसाठी थांबलेले दुसरे चार चालक मला डोळ्यांपुढे दिसत होते. पहाटे साडेचारच्या सुमारास नेवासा फाटा मागे पडला. त्यानंतर मला आठवतो तो थेट डाव्या चाकाखालच्या खडीचा आवाज. मधले काहीच आठवत नाही. गाडी साईडपट्टीवर उतरली होती आणि हेडलाइटच्या उजेडात समोर बाभळ उभी होती. स्टिअरिंग ओढले, गाडी झोकांडी खात वर आली, पुढे नेऊन थांबवली. क्लीनर झोपलेला, मागे ३५ माणसे झोपलेली. पुढच्या सीटवरची एक आजी तेवढी जागी झाली. म्हणाली, "चहाला थांबलास का रे बाळा?" मी म्हणालो, "हो आजी." खाली उतरून तोंडावर पाणी मारले. हात इतके कापत होते की बाटलीचे झाकण लागेना.

त्या आजीशी मी खोटे बोललो. ही गोष्ट पुढे २७ वर्षे बायकोलाही सांगितली नाही. मुलगी वैमानिक झाली आणि तिच्या ड्यूट्या मी जवळून पाहू लागलो, तेव्हा सांगितली. डोळा लागतो तेव्हा माणसाला कळत नाही. उलट त्याला वाटत असते की आपण नीट आहोत, अजून तासभर सहज ओढू. हे वाटणेच झोपेच्या बाजूने साक्ष देत असते. म्हणून "तुला झेपेल का?" असा प्रश्न थकलेल्या माणसालाच विचारून भागत नाही. वेळापत्रक लावणाऱ्याने तो आधीच सोडवून ठेवायचा असतो.

आता घरातले सांगतो. मुलीच्या खोलीच्या खिडकीला काळे कापड लावले आहे, कडेने पॅकिंगची खाकी पट्टी मारलेली. दाराच्या बेलची वायर काढून ठेवली आहे. कुकर सकाळी आठच्या आत उतरतो, कारण ती साडेआठला येते आणि नाश्ता करून आडवी होते. मध्यरात्री टॅक्सी येते, ती हॉर्न न वाजवता फोन करते. एवढे सगळे करूनही दिवसाची झोप रात्रीसारखी लागत नाही. अकराला लढाऊ विमाने, दुपारी शेजारी ड्रिल मशीन. गणपतीच्या आधीचे दोन महिने तर ढोल पथकाचा सराव नेमका संध्याकाळी सात ते दहा, आणि रात्री एकचे रिपोर्टिंग असेल तर तिने झोपायची वेळही तीच. मी पथकाच्या मुलांना जाऊन भेटलो. बिचारी चांगली मुले, एका शब्दावर ताशे मैदानाच्या लांबच्या टोकाला नेले. ढोल तरी ऐकू येतोच, त्याला त्यांचाही इलाज नाही.

पण त्या झोपेत येणाऱ्या फोनला इलाज आहे. एका दुपारी, झोपून चार तास झाले असतील नसतील, रोस्टर विभागाचा फोन आला. ड्यूटी बदलली आहे, दोन तास आधी यायचे. कागदावर तिची विश्रांती पूर्ण दिसते, कारण आधीची ड्यूटी संपल्यापासून पुढच्या रिपोर्टिंगपर्यंतचे तास मोजून नियमात बसवलेले असतात. मधल्या फोनने मोडलेली झोप कोणत्याच रकान्यात पडत नाही. त्या रात्री ती गेली. दुसऱ्या एका वेळी तिने रीतसर थकव्याचा अहवाल भरला आणि उड्डाणाला नकार दिला. चार दिवसांनी ऑफिसात बोलावणे आले. कोणी रागावले नाही, आवाज चढवला नाही. फक्त विचारले, "बाकीचे सगळे याच रोस्टरवर उडतात, तुलाच काय होतं?" त्या महिन्यात तिचे उड्डाणाचे तास कमी भरले आणि तासांवरचा भत्ताही कमी आला. पुढचा अहवाल भरताना तिच्या डोक्यात काय येणार, साहेब? माझ्या डोक्यात ते दुसरे चार चालक आले होते, तेच.

पुण्याची अडचण आणखी एका बाजूने आहे. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी त्यांची, हवाई नियंत्रण त्यांचे, आपल्याला त्यात वाटा मिळतो. दिवसा लढाऊ विमानांचा सराव, त्यामुळे नागरी विमानांना दिवसाच्या वेळा मोजक्या. डिसेंबर २०२१ पासून विमानतळ २४ तास चालू झाला, आणि मध्यरात्र ते पहाट हा पुण्याच्या विमानांचा मोठा काळ झाला. देशाचे संरक्षण आधी, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, छान आहे, पण टर्मिनल कितीही मोठे केले तरी धावपट्टीचे घड्याळ तेच राहते. पुरंदरचा विमानतळ होईल तेव्हा होईल. तोवर पुण्याहून उडणाऱ्या वैमानिकांच्या वाट्याला रात्र जास्त येणार, हे तुम्हाला आणि कंपन्यांना आधीपासून ठाऊक आहे. पहाटे दोन ते सहा ही शरीराची सर्वांत मंद वेळ. ती ज्यांच्या वाट्याला वारंवार येते त्यांचा विचार वेगळा व्हायला नको का?

याच धावपट्टीवर १५ फेब्रुवारी २०२० ला काय झाले ते आठवा. दिल्लीला निघालेले विमान उड्डाणासाठी पूर्ण वेगाने धावत असताना समोर धावपट्टीवर जीप आणि एक माणूस दिसला. वैमानिकाने विमान वेळेआधीच उचलले. शेपटीकडचा भाग धावपट्टीला घासला, पण विमान वर गेले आणि प्रवासी दिल्लीला सुखरूप उतरले. त्या क्षणी विचारायला कोणी नसते, पुस्तक उघडायला वेळ नसतो. डोळ्यांनी जीप पाहिली आणि हाताने विमान उचलले, यात जी एक-दोन सेकंदे गेली असतील त्यांच्यावर सगळे अवलंबून होते. थकवा नेमकी तीच सेकंदे खातो.

मंगळूरबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून लिहितो. २२ मे २०१० ची पहाट, दुबईहून आलेले विमान. १५८ माणसे गेली, ८ वाचली. कॉकपिटमधला आवाज टिपणाऱ्या यंत्रात शेवटची सुमारे दोन तास पाच मिनिटे होती, आणि त्यातल्या पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत संभाषण नाही, घोरण्याचा आवाज आहे. कॅप्टन झोपेतून उठून विमान उतरवायला बसले. विमान उंच होते, वेगात होते. सहवैमानिकाने तीन वेळा सांगितले की उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टननी ऐकले नाही. चौकशी समितीने कॅप्टनच्या चुकीवर बोट ठेवले, आणि ते योग्यच होते. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदली आहे. सहवैमानिकाने स्वतः विमान वर घ्यावे की नाही याबाबतच्या सूचना संदिग्ध होत्या, आणि त्यामुळे तो कदाचित अडखळला असेल. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होतो. माझी मुलगी त्याच डाव्या-उजव्या खुर्च्यांमधल्या उजव्या खुर्चीवर बसते. तिला तीनदा ओरडायचा हक्क आहे, हे मला पुरत नाही. चौथ्या वेळी हात पुढे करून विमान वर घ्यायचा हक्क तिला आहे की नाही, हे देशातल्या प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात एकाच, सरळ वाक्यात लिहिलेले असले पाहिजे. आणि तसे केल्यावर तिच्या वार्षिक शेऱ्यावर त्याची सावली पडता कामा नये.

१७ ऑगस्ट २०२३ ला नागपूर विमानतळावर, बोर्डिंग गेटपाशी, एक वैमानिक कोसळले आणि गेले. चाळिशीतले. ते जे विमान घेऊन निघणार होते ते पुण्याला येणार होते. आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात या वेळात त्यांनी दोन उड्डाणे केली होती. त्यानंतर २७ तास विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. थकव्यानेच ते गेले असे मी म्हणत नाही, तो डॉक्टरांचा विषय आहे. पण त्या दिवशी पुण्यात त्या विमानाची वाट पाहत किती घरे बसली असतील, आणि हेच अर्ध्या तासाने हवेत झाले असते तर, हा विचार मी टाळू शकत नाही.

आता नियमांकडे येतो. जानेवारी २०२४ मध्ये तुमच्याच कार्यालयाने वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्र म्हणजे मध्यरात्र ते पहाटे पाच, ती सहापर्यंत धरली. रात्रीच्या ड्यूटीत सहापर्यंत लँडिंग चालत होती, ती दोनवर आणली. रात्रीचे उड्डाण आठ तास आणि ड्यूटी दहा तास, याच्या वर नाही. मुलीने मला हे समजावले तेव्हा मी म्हणालो, हे ज्याने लिहिले त्याने कधीतरी पहाटे चारला जागे राहून पाहिले असेल. मनापासून सांगतो, हे काम चांगले केलेत.

मग ते १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, ते पुढे ढकलले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात होत्या, तिथे कुठे १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांच्या तारखा पक्क्या झाल्या. म्हणजे नियम जाहीर झाल्यापासून शेवटचा टप्पा येईपर्यंत कंपन्यांच्या हातात २२ महिने होते. वैमानिक एका रात्रीत तयार होत नाही, हे मला माहीत आहे. मुलीचे परवान्यापुरते २०० तास भरायला किती दिवस लागले आणि त्यासाठी वडगाव शिंदेची जमीन कशी गेली, ते आमच्या घराने पाहिले आहे. पण २२ महिन्यांत माणसे भरता येतात, नाहीतर विमाने कमी करता येतात. डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीला दोन्ही करता आले नव्हते हे उघडे पडले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. पुण्यातही विमाने उभी होती आणि उडवायला क्रू नव्हता. टर्मिनलमध्ये लोक जमिनीवर झोपले होते.

आणि तुम्ही काय केलेत? त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिलीत. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, ही सूचना तर सगळ्यांसाठीच मागे घेतलीत. अडकलेल्या प्रवाशांची सोय बघणे भाग होते, हे मान्य. पुढे कारवाईही झाली. पण चूक नियोजन करणाऱ्यांची, आणि तिची भरपाई वैमानिकांच्या झोपेतून, हा व्यवहार मला मान्य नाही. मुलगी ड्यूटीवर जाताना मशीनमध्ये फुंकते. उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य. उद्या एखादी कंपनी म्हणाली की माणसे कमी आहेत, दोन महिने दारूच्या नियमात सूट द्या, तर तुम्ही तो अर्ज वाचून तरी बघाल का? सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे रस्त्यावर चालकाला पकडण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मग झोपेचा नियमच तेवढा तडजोडीचा का?

गुन्हेगार शोधायला मात्र सगळे तत्पर असतात. १२ जून २०२५ ला अहमदाबादला २६० माणसे गेली. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला आणि त्याच संध्याकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर निकाल लागला होता, "पायलटनेच केलं." कॅप्टनच्या ९१ वर्षांच्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने त्यांना सांगितले की हे ओझे मनावर घेऊ नका. मी पेपरात त्यांचा फोटो पाहिला आणि पेपर घडी करून ठेवला. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला येणारी बस जळाली, २५ माणसे गेली, तेव्हाही पहिले बोट चालकाकडे गेले होते. चूक असेल तर चालकाला शिक्षा व्हावी, आमच्या धंद्यात ती कोणी टाळू नये. पण त्याची ड्यूटी कोणी लावली, आदल्या रात्री तो किती झोपला, हे प्रश्न त्याच पानावर हवेत. जून २०२५ मध्ये तुम्ही एका कंपनीला रोस्टर विभागातले तीन अधिकारी हटवायला सांगितले होते. म्हणजे तिथवर पोहोचता येते. ते एवढ्या मोठ्या अपघातानंतरच का व्हावे?

वैमानिकांनाही एक सांगायचे आहे, मुलीसकट. मिळालेली विश्रांती झोपेसाठी आहे. सुट्टीच्या रात्री तीनपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी कंपनीला दोष देता येणार नाही. नियम १४१ मधली जबाबदारी घरी उशीवर डोके टेकवल्यापासून सुरू होते.

आणि पुणेकर प्रवाशांनो, तुम्हालाही. "क्रूची ड्यूटीची वेळ संपली आहे, विमानाला उशीर होईल" अशी घोषणा झाली की काउंटरवर जो आवाज चढतो, तो मी ऐकला आहे. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीला धुक्याने उशीर झालेल्या विमानात एका प्रवाशाने घोषणा करणाऱ्या वैमानिकावर हात उचलला. तो वैमानिक आधीच्या क्रूची वेळ संपली म्हणून त्याच्या जागी आलेला होता. म्हणजे नियम पाळला गेला, ताजा माणूस आणला, आणि मार त्यालाच बसला. मीटिंग चुकते, लग्नाचा मुहूर्त चुकतो, समजते मला. पण "मी थांबतो" म्हणणारा चालक मिळाला तर त्याच्यावर ओरडू नका. नेवाशाजवळ माझ्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता.

साहेब, माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू झालेले विश्रांतीचे आणि रात्रीचे नियम सगळ्या कंपन्यांना पूर्ण लागू ठेवा. पुढे कधी सूट द्यावीच लागली, तर कोणत्या कंपनीला, कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेपर्यंत आणि त्या बदल्यात किती उड्डाणे कमी करायला लावली, हे त्याच दिवशी जाहीर करा. साप्ताहिक विश्रांतीत रजा मोजू नये, ही मागे घेतलेली सूचना पुन्हा लागू करा.

दोन. थकव्याचा अहवाल कंपनीबरोबर तुमच्याकडेही थेट, नाव गुप्त ठेवून, पाठवता येईल अशी सोय करा. कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याच्या अहवालांचा आढावा तुम्हाला द्यायचा, असे तुमच्याच नियमात आहे. तो आढावा लोकांपुढे ठेवा. किती अहवाल आले, किती मान्य झाले, किती फेटाळले, एवढे आकडे पुरेत. नावे नकोत. आणि थकव्यामुळे नाकारलेल्या उड्डाणाचा भत्ता कापला जाणार नाही, हे लेखी करा.

तीन. विश्रांतीच्या तासांत रोस्टर विभागाचा फोन गेला तर ती विश्रांती मोडली असे धरून तास पहिल्यापासून मोजा.

चार. प्रत्येक महिन्याच्या रोस्टरवर ते मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची नावानिशी सही हवी. एखादी घटना घडली की वैमानिकाच्या कागदांबरोबर तो कागदही चौकशीत मागवा.

पाच. सहवैमानिकाने लँडिंग सोडून विमान वर घेण्याबाबतचे वाक्य सगळ्या कंपन्यांच्या पुस्तकांत एकसारखे करा, आणि सिम्युलेटरच्या प्रत्येक तपासणीत ते करून घ्या. कॅप्टन ऐकत नाही, असे नाटक करूनच.

सहा. लोहगावसारख्या ज्या तळांवर रात्रीची उड्डाणे जास्त असतात, तिथल्या वैमानिकांच्या लागोपाठच्या रात्री किती असाव्यात, हे हवाई दल, विमानतळ आणि कंपन्या यांना एकत्र बसवून ठरवा. धावपट्टीच्या वेळा वाटताना झोपेचा विचार त्याच टेबलावर व्हावा.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. तुमच्या सहीची परिपत्रके पुरतील.

उत्तर मला एकट्याला नको. जाहीर द्या, तारखेसह द्या, म्हणजे रात्रीच्या विमानाने पुण्याहून निघणाऱ्या कोणालाही ते वाचता येईल. आज मुलीचे रिपोर्टिंग रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आहे. आत्ता संध्याकाळचे साडेसहा झालेत, ती झोपली आहे, आणि मी हे बाहेर गॅलरीत बसून लिहितो आहे.

आपला,
एक निवृत्त चालक
धानोरी, पुणे